इथेनॉलच्या मक्याचा चोथा (डीडीजीएस) दावणीत घालताय? मोहोळचा अनुभव, आणि तुमचेही सांगा

सीनाकाठ (ता. मोहोळ)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण गेल्या चार महिन्यांत जे शिकलो ते एका जागी मांडायचंय. तुकड्यातुकड्यात विचारणारे फोन रोज येतात.

आमचा गोठा छोटा. नऊ संकरित एचएफ गाई, दोन पंढरपुरी म्हशी. घरचा मका मुरघासाला जातो, कडबा घरचा, हंगामात उसाचं वाढं. विकत आणायची ती पेंड, आणि दुधाचे पैसे तिथंच जिरतात. सरकीचा भाव चढत गेला तेव्हा एका व्यापाऱ्यानं "मका डीडीजीएस" आणून दाखवला. सरकीच्या जवळपास निम्म्या भावात. म्हणाला, इथेनॉलच्या कारखान्यातला माल आहे, प्रोटीन सरकीपेक्षा जास्त.

पहिल्या दोन गाड्या खरोखर चांगल्या होत्या. सोनेरी पिवळा रंग, रात्रभर आंबलेल्या पिठासारखा गोडसर आंबूस वास. गाईला दोन किलो देत होतो, सरकी तेवढी कमी केली. दहा-बारा दिवसांत गाईमागं अर्धा-पाऊण लिटर दूध वाढलं. मला वाटलं, आता गोठ्याचं गणित बसलं.

तिसरी गाडी आली ती कॉफीच्या रंगाची. वास करपलेल्या गुळाचा. व्यापारी म्हणाला, "रंगाचं काय घेऊन बसलात, माल तोच." मी घेतला. वर स्वस्त पडतोय म्हणून माप चार किलोवर नेलं. ही चूक माझी. तीन आठवड्यांत संकलन केंद्रावर गाईची फॅट ३.८ वरून ३.२ वर आली. साडेतीनच्या खाली गेल्यावर दर कसा कापतात ते तुम्हाला माहीत आहे. मग एका सकाळी दुसऱ्या वेताची गाय वैरणीला तोंड लावेना. दात खात उभी, कपाळ भिंतीला टेकवलेलं. डोळ्यापुढं हात नेला तरी पापणी हलेना. माझ्या आईनं चाळीस वर्षं जनावरं सांभाळली आहेत, तिनंही असं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर तासाभरात आले. बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिनची इंजेक्शनं शिरेतून दिली, पुढं चार-पाच दिवस चालू ठेवली. गाय वाचली, दृष्टीही परत आली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "खुराकात नवीन काय चालू केलंय, आणि पाणी कुठलं पाजता?"

तेव्हापासून विचारत, वाचत सुटलोय. डीडीजीएस वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, मी आजही देतोय. पण कुठला, किती, कशाबरोबर, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जाणकारांनी लिहावं.

---

अर्क_आणि_चोथा (धान्य डिस्टिलरीत शिफ्टला)

सीनाकाठदादा, गाय वाचली हे वाचून बरं वाटलं. मी हा माल तयार होताना रोज बघतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

एक गैरसमज आधी काढू. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त, आणि बऱ्याच जणांकडे इथेनॉल प्रकल्प आहे. लोक कारखान्याच्या गेटवर येऊन विचारतात, "इथेनॉलचा चोथा मिळेल का?" उसाच्या मळीपासून किंवा रसापासून इथेनॉल केलं की मागे राहतो स्पेंटवॉश. काळं, क्षारयुक्त पाणी. ते जाळतात किंवा कंपोस्टला वापरतात, त्याच्या राखेतून पालाश काढतात. दावणीत घालायची वस्तूच नाही ती. डीडीजीएस मिळतो तो फक्त धान्यापासून, म्हणजे मका किंवा तुकडा तांदूळ. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सहकारी साखर कारखान्यांना उसाबरोबर धान्यही वापरता येईल असा बदल करण्यासाठी योजना आणली. त्यामुळे पुढं एकाच गेटातून दोन्ही गोष्टी निघू शकतात. विचारताना "धान्याचा का?" एवढं पक्कं करा.

आता हा तयार कसा होतो. मका दळायचा, पाण्यात शिजवायचा, एन्झाइम टाकून स्टार्चची साखर करायची आणि यीस्ट सोडायचं. दोन-अडीच दिवसांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. अल्कोहोल उकळून काढलं की खाली पातळ लगदा उरतो. तो सेंट्रिफ्यूजमधून फिरवला की घट्ट भाग निघतो, तो ओला चोथा, आमच्यात वेट केक म्हणतात. उरलेलं पातळ पाणी आटवून काकवीसारखा सिरप होतो. तो सिरप परत चोथ्यावर टाकून ड्रायरमधून काढला की झाला डीडीजीएस.

एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल आणि ३०० किलोच्या आसपास डीडीजीएस निघतो. म्हणजे मक्याचे ढोबळ तीन भाग होतात: एक अल्कोहोल, एक हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड, एक चोथा. गेला तो फक्त स्टार्च. बाकीचं सगळं एक तृतीयांश मालात कोंबलं जातं. मक्यात प्रोटीन आठ-नऊ टक्के असतं ते चोथ्यात २६ ते ३० होतं. तेल, तंतू, फॉस्फरस, सगळं तिप्पट.

आणि बुरशीचं विषसुद्धा तिप्पट. शिजवून, आंबवून, ड्रायरमधून काढूनही अफ्लाटॉक्सिन जात नाही. मक्यात ८ पीपीबी (अब्ज भागांत ८ भाग) असेल तर चोथ्यात २४ धरा. आमच्याकडे मका आत घेताना तपासतात, पण सगळीकडे तेवढं कडक असेलच असं नाही. हे मी या धंद्यातला असून सांगतोय.

तुमच्या काळ्या गाडीचं कारण बहुधा ड्रायर. तापमान जास्त झालं किंवा सिरप जास्त पडला की माल करपतो. करपलेल्या मालात साखर आणि प्रोटीन एकमेकांना चिकटतात. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रोटीन तेवढंच दिसतं, पण जनावराच्या पोटात ते सुटत नाही, शेणावाटे जातं. सिरप जास्त म्हणजे तेलही जास्त आणि गंधकही जास्त, कारण आम्ही आम्लता सांभाळायला आणि टाक्या धुवायला सल्फ्युरिक ॲसिड वापरतो. तुमची फॅट पडली आणि गाय आजारी पडली, दोन्हींचं मूळ मला त्या एकाच गाडीत दिसतं.

तांदळाचा डीडीजीएस वेगळा. त्यात प्रोटीन ४५ टक्क्यांच्या आसपास असतं. मक्याच्या मापानं तो घालू नका.

---

पशुवैद्य_माळशिरस

वरची माहिती अगदी बरोबर आहे. मी औषधाच्या बाजूनं लिहितो. माझ्याकडेही या वर्षी अशा केसेस आल्या आहेत आणि दोन जनावरं मला वाचवता आली नाहीत. मालकानं आदल्या दिवशी फोन केला असता तर कदाचित वाचली असती. म्हणून हे सविस्तर.

दादांच्या गाईला जे झालं त्यात मेंदूचा करडा भाग मऊ पडून मरतो, त्याला पोलिओएन्सेफॅलोमलेशिया म्हणतात. गंधक जास्त झालं की कोठीपोटातले जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात. जनावर ढेकर देतं, तोच वायू श्वासावाटे फुप्फुसात आणि रक्तात जातो आणि मेंदूला इजा करतो. आंधळेपणा, दात खाणं, भिंतीला डोकं टेकवणं, मग आडवं पडून झटके. यातलं पहिलं लक्षण दिसताच फोन करा, संध्याकाळची वाट बघू नका.

गंधकाचा हिशेब घरी करता येतो. बारा लिटरची गाय दिवसाला साधारण १३ किलो कोरडा चारा-खुराक खाते. त्यात गंधक ०.४ टक्क्याच्या वर जाऊ नये, म्हणजे दिवसाला ५२ ग्रॅम ही कमाल. डीडीजीएसमध्ये गंधक ०.३ पासून १ टक्क्यापर्यंत सापडतं. दादांच्या काळ्या मालात ०.८ धरू. चार किलोचे झाले ३२ ग्रॅम. बाकी वैरण-खुराकातून १८. हे ५० झाले, आणि आपण म्हणतो बसलं. पण पाणी? बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम सल्फेट असेल आणि गाय ६० लिटर पाणी प्यायली तर ६० ग्रॅम सल्फेट पोटात गेलं. त्याचा तिसरा हिस्सा गंधक, म्हणजे आणखी २० ग्रॅम. एकूण ७०. हा हिशेब दीड किलो डीडीजीएसवर करून बघा: १२ अधिक २३ अधिक २०, म्हणजे ५५. खाऱ्या बोअरवर दीड किलोसुद्धा काठाच्या पलीकडे जातो. म्हणून मी पाणी विचारतो.

आणि आपल्या भागातली खास गोष्ट: मळी. (मी मोलॅसिस म्हणतोय, शेतात टाकतो ती प्रेसमडची मळी नव्हे.) आपले बहुतेक कारखाने रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरतात, ते मळीत उतरतं. मुरघासावर मळी शिंपडणारे, मळीचं पाणी पाजणारे खूप आहेत. मळी, डीडीजीएस आणि खारं बोअर, तिन्ही एकाच दावणीत नकोत.

आता कॅल्शियम. डीडीजीएसमध्ये फॉस्फरस ०.८ टक्क्याच्या आसपास आणि कॅल्शियम ०.१ सुद्धा नाही. दोन किलोतून १६ ग्रॅम फॉस्फरस येतो, कॅल्शियम दोन ग्रॅमपेक्षा कमी. त्यात हंगामात आपण वाढं घालतो. वाढ्यातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. डिसेंबर-जानेवारीत व्यालेल्या गाई बसतात त्याचं एक कारण हे. उपाय स्वस्त आहे: गाईमागं ५० ग्रॅम चुनखडीची पूड, तिच्यातून १९ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पशुखाद्याची चुनखडी घ्या, पानाचा किंवा भिंतीचा चुना नव्हे. खनिज मिश्रण वेगळं चालूच ठेवा, मात्र त्याची निवड तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

किती द्यावा? माझं उत्तर: एकूण खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. पाच किलो खुराक असेल तर एक किलो. माल तपासलेला, पाणी गोडं असेल तर दीड. सुरुवात पावशेरानं करून पंधरा दिवसांत वाढवत न्या. लहान वासरांना नको. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यात बदल नकोच.

फॅट का पडते तेही सांगतो. मक्याचं तेल कोठीपोटात जास्त गेलं की तिथल्या जिवाणूंचं काम बिघडतं आणि दुधातली फॅट उतरते. गाय धडधाकट दिसते, दूधही तेवढंच असतं, फॅटच पडते. कुट्टी फार बारीक असेल तर आणखी पडते. कडबा बोट-दीड बोट लांब राहू द्या.

---

बार्शीचा_बळी

धागा वाचून राहवलं नाही. गोठेवाल्यांचं दुःख मला कळतं, माझ्या घरी दोन गाई आहेत. पण माझं सोयाबीन आठ एकर.

एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलो आणि पेंड ८० किलो. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर तरतो. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली, मग सगळा भर मक्यावर गेला. मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे लिटर असा सगळ्यात चढा दर लावला. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण झालं, देशभर कौतुक झालं. त्याच्याबरोबर हा चोथा बाजारात आला आणि कोंबडीखाद्यवाल्यांनी, पशुखाद्यवाल्यांनी सोयापेंड कमी केली. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बार्शीच्या अडतीवर आम्ही त्याच्या कितीतरी खाली विकलं. ज्याच्या रानात मका होता त्याला चार पैसे मिळाले, माझं रान सोयाबीनचं.

मी डीडीजीएसच्या विरोधात नाही. पण "स्वस्त प्रोटीन" म्हणताना ते कुणाच्या रानातून स्वस्त झालं, एवढं लक्षात ठेवा.

---

सीनाकाठ (ता. मोहोळ)

अण्णा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझे मामा वैरागचे, त्यांचंही सोयाबीन आहे. मी खरं सांगतो, पेंड घेताना मी हा विचार केला नव्हता.

पण एक हिशेब तुमच्या बाजूचा निघतो. पेंड किलोवर बघू नका, प्रोटीनवर बघा. भाव रोज बदलतो, म्हणून समजा: सरकी पेंड ३५ रुपये किलो आणि प्रोटीन २२ टक्के, तर एक किलो प्रोटीन १५९ रुपयांना पडलं. सोयापेंड ४० रुपये, प्रोटीन ४५ टक्के, तर ८९ रुपये. डीडीजीएस २० रुपये, २८ टक्के, तर ७१. आता डीडीजीएस करपलेला निघाला आणि निम्मं प्रोटीन शेणात गेलं, तर तोच पडतो १४२ ला. म्हणजे सोयापेंड डीडीजीएसच्या फार मागं नाही आणि खराब गाडीपेक्षा कितीतरी पुढं आहे. आमच्या गावात "सोयापेंड परवडत नाही" म्हणणाऱ्या कुणीच हा भागाकार केलेला नाही. मीही केला नव्हता. आता मी सरकी निम्म्यावर आणून थोडी सोयापेंड, थोडा डीडीजीएस असं केलंय.

---

सांगोल्याचा_शेळीवाला

मी लई शिकलेला न्हाई, पण विचारतो. माझी उस्मानाबादी शेळ्यांची चाळीस जनावरं हायती. ईदच्या बाजाराला बोकडं तयार करतो. औंदा मक्याऐवजी हा चोथा चालू केला. अंग चांगलं धरलं, चकाकी आली. पन महिन्याभरात दोन बोकडं मुतायला जोर लावायला लागली, थेंब थेंब, ओरडायची. एक गेलं. शेळ्यांना काय बी झालं न्हाई, फकस्त बोकडं. ह्यो चोथ्याचाच परिणाम हाय का डॉक्टरसाहेब? आन माझ्याकडं चार रेडकं बी हायती, त्यास्नी घालू का?

---

पशुवैद्य_माळशिरस

भाऊ, तुम्ही नेमकं निरीक्षण केलंय, आणि हो, संबंध आहे. हा मूत्रखडा. फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी झालं की लघवीत खडे बनतात. शेळीचा मूत्रमार्ग रुंद असतो, खडे निघून जातात. बोकडाचा अरुंद आणि वळणदार, तिथं अडकतात. खच्ची केलेल्या बोकडात धोका जास्त, कारण लहानपणी खच्ची केलं की मार्ग अरुंदच राहतो.

बोकडाच्या खुराकात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, म्हणून चुनखडी हवीच. डीडीजीएस खुराकाच्या दहाव्या हिश्श्यावर ठेवा. मीठ आणि पाणी भरपूर, हिवाळ्यात कोमट पाणी दिलं की जास्त पितात. मांसासाठी वाढवायच्या बोकडांना खुराकात अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, देतात. पण ते मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पशुखाद्याच्या प्रतीचाच घ्या, कल्हईवाल्याकडचा नको.

रेडकांचं: नर असतील तर हाच नियम. सहा महिन्यांच्या पुढं, खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत चालेल.

---

ओमाहातून_सोलापूरकर

मी मूळचा अक्कलकोट रोडचा, बारा वर्षं नेब्रास्कात आहे. घर ओमाहाला, पण कामासाठी राज्यभर फिरतो. हा चोथा जनावरांना घालण्याचं शास्त्र जिथं सगळ्यात जास्त घडलं ते हे राज्य, म्हणून लिहितो.

इथं जनावरं मांसासाठी वाढवतात. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, गाईवर त्याच्या आधीपासून. त्यामुळे इथला धंदा तिथं नाहीच. पण आपल्याकडे यूट्यूबवर इथलेच आकडे फिरतात: "अमेरिकेत ४० टक्क्यांपर्यंत घालतात, काही होत नाही." हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच नुकसान करतं.

नेब्रास्का विद्यापीठात टेरी क्लॉफेनस्टीन नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्य घालवलं. त्यांच्या कामातून दिसलं की गोऱ्ह्यांच्या खुराकात मक्याच्या जागी ओला चोथा १५ ते ४० टक्के घातला तर वजन मक्यापेक्षा चांगलं वाढतं. कारण स्टार्च गेलेला असतो, पोटात आम्ल कमी होतं आणि तेलाची ऊर्जा मिळते. पण ते जनावर इथल्या गोठ्यात पाच-सहा महिने राहतं आणि मग कत्तलीला जातं. त्याला दूध द्यायचं नसतं, गाभण राहायचं नसतं, सहा वेतं काढायची नसतात. फॅट पडली काय, त्याला कुठलं संकलन केंद्र? शिवाय इथं आहारतज्ज्ञ दर आठवड्याला गंधक बघतो, पाण्याचा रिपोर्ट भिंतीवर असतो आणि चुनखडी प्रत्येक मिश्रणात असते. आपल्या माणसानं ४० हा आकडा तेवढा उचलला.

आणखी एक. इथं मीड नावाच्या गावात एक इथेनॉल प्रकल्प पेरणीतून उरलेलं, कीटकनाशक चोळलेलं मक्याचं बियाणं वापरायचा. स्टार्च गेला, विष चोथ्यात राहिलं. तो चोथा जनावरांना घालता येईना, त्याचे डोंगर साठले, पाणी आणि माती नासली, आणि २०२१ मध्ये सरकारनं प्रकल्प बंद करायला लावला. म्हणून चोथा घेताना मका कुठला, हे विचारायला लाजू नका.

चोथा जनावरांना घालणं नवीन मात्र नाही. जॉर्ज वॉशिंग्टनची स्वतःची दारूभट्टी होती, तिथला लगदा त्याची डुकरं आणि गुरं खायची. आपल्याकडेही ताकाची निवळ, डाळीची चुनी, गूळ करताना निघालेली मळी, काय वाया घालवत होती आपली माणसं?

---

कुर्डुवाडीची_दूधवाली

ताज्या ओल्या चोथ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे एक टेम्पोवाला आठ रुपये किलोनं टाकून जातो. गाई आवडीनं खातात. घ्यावा का? आणि दुधातल्या विषाचं जे म्हणतात, अफ्ला का काय, ते दूध तापवल्यावर जातं ना? माझ्या घरची लहान मुलं तेच दूध पितात.

---

अर्क_आणि_चोथा (धान्य डिस्टिलरीत शिफ्टला)

ताई, ओल्या चोथ्यात ६५ टक्के पाणी असतं. आठ रुपयांत तुम्हाला ३५० ग्रॅम कोरडा माल मिळतो, म्हणजे कोरडा किलो २३ रुपयांना पडला. सुका २० रुपयांनी मिळत असेल तर त्यातलं दहा टक्के पाणी काढून तो २२ ला पडतो. स्वस्त दिसतो पण नाही, आणि टेम्पोभाडं पाण्याचं भरता.

माल मात्र चांगला असतो, करपलेला नसतो. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बुरशी धरतो, थंडीत आठवडाभर टिकतो. जास्त ठेवायचा असेल तर कडब्याची कुट्टी मिसळून मुरघासाच्या पिशवीत दाबून हवाबंद करा. वर पांढरी-हिरवी खपली आली तर तेवढी काढून उरलेला घालू नका, सगळा टाका. वाईट वाटतं, माहीत आहे.

---

पशुवैद्य_माळशिरस

ताई, दूध तापवल्यानं ते विष जात नाही. उकळून नाही, दही लावूनही नाही. हे स्पष्ट सांगणं माझं काम आहे.

पण घाबरून दूध बंद करू नका, हिशेब बघा. जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ पैकी साधारण दोन टक्के दुधात एम-१ म्हणून उतरतं, जास्त दुधाच्या गाईत सहापर्यंत. समजा चोथ्यात १५० पीपीबी आहे आणि गाईला दोन किलो दिला. ३०० मायक्रोग्रॅम पोटात, त्यातले ६ दुधात. बारा लिटरला भागले की लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. दुधाची कायद्यातली मर्यादा नेमकी तेवढीच आहे, ०.५. आणि सरकी पेंडीतून, भिजलेल्या मक्यातून येतं ते वेगळं. पशुखाद्यासाठी मानक २० पीपीबीचं आहे. त्यात राहिलात तर दूध सुरक्षित आहे.

देशभरातल्या ६,४३२ दूध नमुन्यांच्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) सर्वेक्षणात, २०१९ मध्ये निकाल आले तेव्हा, ३६८ नमुने या विषाच्या मर्यादेबाहेर होते. पाणी किंवा पावडर मिसळणाऱ्यांची चर्चा आपण खूप करतो. हे विष प्रामाणिक माणसाच्या दुधातही असतं, कारण ते पेंडीतून येतं.

चांगली बाजू अशी की खराब खुराक थांबवला की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं.

---

सीनाकाठ (ता. मोहोळ)

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून पाणी आणि दोन्ही माल तपासायला पाठवले. उरलेल्या काळ्या मालाचं अर्धं पोतं ठेवलं होतं, ते कामाला आलं.

बोअरच्या पाण्यात सल्फेट लिटरला ९०० मिलिग्रॅमच्या वर निघालं. आता गाईंना शेततळ्याचं पाणी पाजतो, बोअर फक्त धुण्याला. काळ्या मालात गंधक ०.८४, अफ्लाटॉक्सिन ६२ पीपीबी. आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ते म्हणजे युरिया निघाला. प्रयोगशाळेतल्या ताईंनी समजावलं: प्रोटीन मोजताना ते नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ नं गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे एक किलो युरिया कागदावर २८७ टक्के प्रोटीन दिसतो. पोत्यात मूठभर मिसळला की हलका माल भारी होतो. तेव्हा नुसता "प्रोटीन २८" असा कागद दाखवणाऱ्यावर विसंबू नका. ओलावा, प्रोटीन, युरिया, तेल, वाळू, गंधक आणि अफ्लाटॉक्सिन, एवढं एकत्र मागा.

नवीन माल सोनेरी आहे, गंधक ०.४५, अफ्लाटॉक्सिन ११. गाईमागं सव्वा किलो देतो, वर ५० ग्रॅम चुनखडी. कुट्टी लांब केली. फॅट ३.७ वर आली. ती गाय आता नऊ लिटरवर आहे, आधीच्या तेरावर अजून आलेली नाही, आणि कदाचित या वेतात येणार नाही. आई रोज तिच्यापुढं हात हलवून बघते, पापणी हलते का.

तपासणीचा खर्च एकट्याला जड जातो. आमच्या भागातले सहा गोठेवाले एकाच गाडीचा माल घेतो, म्हणून आम्ही तो वाटून घेतला. पुढची गाडी उतरेल तेव्हा पोती उघडताना वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घेऊन एक नमुना करणार आहोत. मोहोळ, माढा, पंढरपूर भागातलं कुणी त्याच व्यापाऱ्याकडून घेत असेल तर निरोप टाका, खर्च आणखी वाटला जाईल. नमुना अर्धा किलो, कोरड्या प्लास्टिक पिशवीत, वर गाडीची तारीख लिहून. सांगोल्याच्या भाऊंनी बोकडांचा चोथा एका पिशवीत आणून दिलाय, तोही याच खेपेला आणंदला एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) प्रयोगशाळेत पाठवतोय. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.